कोकण खचले नाही

सह्याद्रीचा पश्चिमेकडचा कडा कसा झाला, हे शाळेत भूगोल शिकलेल्या कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले आहे: अरबी समुद्राच्या बाजूला प्रस्तरभंग झाला, पश्चिमेची जमीन खचून तिचे कोकण झाले आणि जागच्या जागी उरली ती ही भिंत. पाठ्यपुस्तकांनी, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांनी आणि दुर्गभ्रमंतीच्या माहितीपत्रकांनी हे इतके घोटून घेतले आहे की त्यात शंका घेण्यासारखे काही असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणारी एसटी आंबा घाटाच्या तोंडाशी आली, की खिडकीशी बसलेला कोणीतरी खालच्या दरीकडे बोट दाखवून शेजाऱ्याला हेच सांगत असतो. भूविज्ञान हा माझा पेशा आणि ही माझी नेहमीची वाट. या वाटेवर जे दिसते, आणि जे दिसत नाही पण छिद्रे पाडून तपासलेले आहे, त्यातले काहीच या ठरलेल्या उत्तराच्या बाजूने उभे राहत नाही, असे माझे म्हणणे आहे. कडा खचण्यातून झाला नाही, झिजण्यातून झाला. आज जिथे आहे तिथे तो जन्मलाही नाही; पश्चिमेकडून मागे हटत इथवर आला.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडायला हवा, आणि तो तसा दुबळा नाही. नकाशावर किनारा सरळ दिसतो आणि त्याला जवळपास समांतर असा कडाही सरळ दिसतो. निसर्गात सरळ रेषा दिसली की भूवैज्ञानिकाला पहिल्यांदा प्रस्तरभंगच आठवतो. वज्रेश्वरीपासून आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणात गरम पाण्याचे झरे ओळीने आहेत. पनवेलच्या आसपास लाव्हाचे थर उघडउघड समुद्राकडे कललेले आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने तर हा भाग शांत नाही हे जीव घेऊन दाखवले. आणि सर्वांत आकर्षक युक्तिवाद जांभ्याचा: घाटमाथ्यावर हजार मीटरच्या आसपास जांभा आहे, तसाच जांभा रत्नागिरीच्या सड्यावर शे-दोनशे मीटरवर आहे, तेव्हा मुळात एकच असलेला पृष्ठभाग मधोमध तुटून त्याचा अर्धा भाग खाली गेला, असे म्हणायला काय हरकत?

हरकती पुष्कळ आहेत. पहिली कड्याच्या आकाराची.

शालेय नकाशावरची सरळ रेषा हा प्रमाणाचा खेळ आहे. सर्वेक्षण खात्याची मोठ्या प्रमाणावरची नकाशापत्रे उघडली तर कडा कुठेच सरळ नाही. उल्हास नदीने तो आत खोलवर कापत नेला आहे. दक्षिणेकडे शास्त्री, काजळी, वाशिष्ठी यांच्या उगमांशी त्याला अर्धगोल खाचा पडल्या आहेत आणि दोन खाचांच्या मध्ये डोंगराच्या सोंडा पश्चिमेकडे लांब गेल्या आहेत. अळीने पान कडेकडेने खात जावे तशी ही किनार आहे. विशाळगड अशाच एका सोंडेच्या टोकाशी, मुख्य पठारापासून जवळजवळ तुटलेल्या अवस्थेत उभा आहे. आणखी काही लाख वर्षांनी मधली खिंड झिजून तो पुरता सुटा होईल. किल्ले बांधणाऱ्यांना असे निम्मे तुटलेले डोंगरच हवे असत, त्यामुळे गडांची यादी ही बऱ्याच अंशी झिजेचीही यादी आहे.

पूर्ण सुटे झालेले डोंगर तर या वादात साक्षीदार म्हणून पुरेसे आहेत. रायगड घ्या. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच, मुख्य सह्याद्रीपासून काळ नदीच्या खोऱ्याने वेगळा पडलेला, आणि तरी त्याच्या अंगावरचे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे. उत्तरेला माथेरान आणि प्रबळगड यांचीही तीच गोष्ट. हे डोंगर कड्याच्या पश्चिमेला आहेत, म्हणजे प्रस्तरभंगवाद्यांच्या हिशेबाने खचलेल्या बाजूला. प्रस्तरभंग कड्याच्या पायथ्याशी झाला असेल, तर रायगड आणि माथेरान कित्येकशे मीटर खाली जायला हवे होते. ते पठाराच्या उंचीशी स्पर्धा करत उभे आहेत. यावर एक उत्तर मिळते: प्रस्तरभंग पायथ्याशी नसून रायगडाच्याही पश्चिमेला, कोकणात कुठेतरी आहे. ठीक. पण मग त्या रेषेपासून आजच्या कड्यापर्यंतचे अंतर कड्याने कसे काटले? झिजून मागे सरकून. म्हणजे उत्तर देता देता पूर्वपक्षाने उत्तरपक्षच मान्य केला.

घाटमाथ्यावरच्या रुंद नदीखोऱ्यांचा पुरावा मात्र मी वापरणार नाही, जरी आमच्यातले पुष्कळ जण तो वापरतात. आंब्याजवळ उगवणारी कडवी वारणेमार्फत कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी पार बंगालच्या उपसागरात जाते. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर, पण पाण्याची पाठ त्याच्याकडे. कड्याला टेकलेल्या अशा खोऱ्यांची रुंदी त्यांतल्या ओढ्यांच्या मानाने फारच मोठी असते; नदीचे डोके कोणीतरी कापून नेले आहे हे स्पष्ट दिसते. पण ते डोके झिजेने कापले की खचण्याने, हे खोरे सांगू शकत नाही. असा पुरावा दोन्ही पक्षांना सारखाच उपयोगी, म्हणून बाजूला ठेवलेला बरा.

आता जांभा. एसटी वाघबिळाच्या पुढे गेली की डाव्या हाताला पन्हाळ्याचा सपाट माथा दिसतो आणि मलकापूरपर्यंत तसेच सपाट, एका पातळीतले माथे सोबत करतात. यांपैकी बऱ्याच माथ्यांवर जांभ्याचे टोपण आहे. काळ्या पाषाणावर लाखो वर्षे उष्ण-दमट हवा आणि पाऊस यांचा मारा झाला, त्यातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, तो हा जांभा. शाहूवाडी-राधानगरी भागात त्यातच बॉक्साइट मिळते. घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा ओलांडले की पुन्हा जांभा भेटतो: चिऱ्याच्या खाणी, चिऱ्याची घरे, उन्हाने काळवंडलेला कातळ. रंग तोच, पोत तोच. दोघांना एका आईची लेकरे समजण्याचा मोह होतो तो इथेच.

पण जांभा हा वरून आणून अंथरलेला थर नव्हे. तो आपल्या खालच्या खडकातूनच घडतो आणि खाली जाता जाता त्याच खडकात विरत जातो. रत्नागिरीकडे विहीर खणणाऱ्या माणसाला हे पुस्तकावाचून ठाऊक असते: वर कातळ, त्याखाली मऊ शेडी, तिच्याखाली सडका दगड आणि शेवटी अभंग काळवत्री. कोकणातला जांभा ज्या लाव्हाथरांतून घडला आहे ते थर पठाराच्या माथ्यावरचे नाहीत, बरेच खालचे आहेत. माथ्याचा तुकडा खाली पडला असता तर जांभ्याखाली माथ्याचेच थर सापडले असते. माइक विडोसन आणि के. जी. कॉक्स यांनी १९९६ मध्ये हे सविस्तर मांडले. दोन जांभे हे दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या उंचींवर तयार झालेले दोन पृष्ठभाग आहेत.

याहून सोपा पुरावा खुद्द रत्नागिरीत आहे. तिथल्या काही विहिरींत जांभ्याच्या खाली निळसर चिकणमाती आणि तीत लिग्नाइटचे, म्हणजे कोळसा होऊ घातलेल्या लाकडाचे, पातळ थर लागतात. एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षकांनीही त्यांची नोंद केली आहे. हा साठा मायोसीन काळातला मानला जातो, म्हणजे फार तर दोन-सव्वादोन कोटी वर्षांचा. किनाऱ्यालगतच्या दलदलीत झाडे गाडली गेली, त्यांवर गाळ बसला आणि त्यानंतर वरचा जांभा घडला. माथ्यावरचा जांभा त्याहून कितीतरी जुना आहे. धाकट्याला थोरल्याचा तुटलेला तुकडा कसे म्हणावे?

इतके असूनही एखादा आग्रही वाचक म्हणेल की हे सारे पृष्ठभागावरचे तर्क झाले. जमिनीखाली काय आहे ते दाखवा. तेही दाखवता येते, आणि माझ्या मते या वादाचा निकाल तिथेच लागला. कोयना-वारणा परिसरात धरण भरल्यानंतर भूकंप का होतात याचा शोध घेण्यासाठी २०११ नंतर केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने खोल भूछिद्रे पाडायला घेतली. पुढे कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळाही उभी राहिली. बहुतेक छिद्रे दीड किलोमीटरच्या आसपास खोल आहेत; गोठणे येथले तर तीन किलोमीटर. हेतू भूकंपांचा होता, कड्याचा नव्हता, म्हणूनच हा पुरावा मला अधिक मोलाचा वाटतो. ज्यांनी तो गोळा केला त्यांना आमच्या भांडणात काही घेणे नव्हते. योगायोगाने काही छिद्रे घाटावर पडली, तर काही घाटाखाली संगमेश्वर तालुक्यात, खडी कोळवणसारख्या गावांत. म्हणजे कड्याच्या दोन्ही बाजूंना, आणि आंबा घाटापासून फार दूरही नाही.

निघाले ते असे. कोयनेजवळ रासाटी येथे लाव्हाच्या थरांची एकूण जाडी ९३३ मीटर; त्यानंतर एकदम जुना ग्रॅनाइट-नाइस, मध्ये गाळाचा थर नाही. घाटाखालच्या कोकणात मात्र लाव्हाची जाडी याच्या निम्म्याच्या आसपास. पण लाव्हाचा तळ, म्हणजे ग्रॅनाइटचा माथा, दोन्हीकडे जवळपास एकाच पातळीवर: समुद्रसपाटीच्या सुमारे तीनशे मीटर खाली. जमीन जितकी उंच तितका लाव्हा जाड, जितकी सखल तितका पातळ, आणि तळ सपाट.

या तीन आकड्यांचा अर्थ लावायला भूवैज्ञानिक असण्याची गरज नाही. कोकण सातआठशे मीटर खचले असते, तर त्याच्याबरोबर लाव्हाचा तळही तितकाच खाली गेला असता आणि लाव्हाची जाडी मात्र घाटावरच्याइतकीच राहिली असती. प्रत्यक्षात तळ हललेला नाही आणि जाडी निम्मी झाली आहे. गेले ते वरून गेले. एखादी वास्तू खाली बसली की तिचा माथा कोणी उतरवला, हे पाया पाहून कळते. इथे पाया जागेवर आहे. हे खचणे केव्हा झाले असावे, मायोसीनमध्ये की त्याआधी, या जुन्या वादातही आता शिरण्याचे कारण उरत नाही. केव्हाही झाले असते तरी पाया खाली गेलाच असता.

भूछिद्रांच्या कितीतरी आधी दुसऱ्या वाटेने हाच निष्कर्ष निघू लागला होता. १९८० च्या दशकात दख्खनच्या लाव्हाथरांचे रासायनिक पृथक्करण करून त्यांचे गट पाडले गेले आणि त्यांना नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आपल्या ओळखीच्या गावांची नावे मिळाली. हे गट नकाशावर उतरवताना असे दिसले की ते कड्याच्या पोटातून सरळ कोकणात जातात. किंचित कल सोडला तर कड्यापाशी त्यांना पायरी नाही. भीमाशंकरचा गट डोंगरावर एका उंचीला आणि कोकणात हजार मीटर खाली, असा प्रकार नाही.

पूर्वपक्षाच्या उरलेल्या मुद्द्यांना थोडक्यात उत्तर देता येते. गरम झरे खडकात खोल भेगा असल्याचे सांगतात, आणि त्या आहेतच. पाणी भेगेतून खाली जाते, तापते, वर येते. त्यासाठी भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून किलोमीटरभर सरकाव्या लागत नाहीत. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात खडक मुख्यतः आडवे, बाजूला सरकले. आडव्या सरकण्याने भिंत उभी राहत नाही. शिवाय ते केंद्र कड्याच्या पूर्वेला, घाटावर. पनवेलचा कल मात्र खरा आहे, आणि तिथे प्रस्तरभंगही आहेत. पण ते कड्यापासून तीसेक किलोमीटर पश्चिमेला. कलत्या थरांची ती पट्टी आणि कडा यांच्या मध्ये माथेरान आडवे थर घेऊन बसले आहे. किनाऱ्याच्या जन्माची खूण म्हणून पनवेलला मान द्यावा. कड्याचा बाप म्हणून देऊ नये.

एकेकाळी समुद्र सह्याद्रीच्या पायथ्याशी आपटत होता आणि कडा हा त्याने कोरलेला, असेही काही जुन्या भूवैज्ञानिकांना वाटे. पायथ्याशी ना समुद्री गाळ सापडला ना शिंपले, आणि तो विचार मागे पडला. आता तो परशुरामाच्या कथेचा हात धरून परतला आहे: कोकण समुद्रातून वर आले, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असे सांगणारे लेख दर पावसाळ्यात उगवतात. कथेला कथेचा मान आहेच. पण घाटाखालच्या छिद्रांत लाव्हा थेट ग्रॅनाइटवर बसलेला सापडतो आणि तो लाव्हा घाटावरच्या लाव्ह्याचाच खालचा भाग आहे. ती जमीन समुद्राने परत केलेली नाही, कारण समुद्राने ती कधी नेलीच नव्हती.

मग कडा झाला कसा? दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला. मादागास्कर त्याच्या दोनेक कोटी वर्षे आधीच भारतापासून सुटले होते. लाव्ह्यानंतर लवकरच, ६.३ कोटी वर्षांच्या सुमारास, सेशेल्सचा तुकडाही वेगळा झाला. भूखंड जिथे फाटला तिथे प्रस्तरभंग झाले यात वाद नाही. पण ती जागा आज समुद्राखाली आणि किनाऱ्याच्या आसपास आहे. या फाटण्याने पश्चिमेला एकाएकी नवा समुद्र आला, आणि पठाराच्या काठावर पडणाऱ्या पावसाला दूर पूर्वेला जाण्याऐवजी हाताशी असलेला उतार मिळाला. आखूड, तीव्र उताराच्या, मोसमी पावसावर पोसलेल्या नद्यांनी पठाराची कड कुरतडायला सुरुवात केली.

कडा झिजूनही उभाच कसा राहतो, हे घाटातल्या कोणत्याही उघड्या कापात पाहावे. टणक काळ्या पाषाणाचा थर, त्याखाली पोकळ्यांनी भरलेला मऊ मांजऱ्या, दोन थरांच्या मध्ये कुठे तांबड्या मातकट खडकाची पट्टी. मग पुन्हा टणक. पाणी वरच्या उभ्या सांध्यांतून झिरपते, तांबड्या पट्टीवर अडते आणि तिथून पाझरत बाहेर येते. मऊ थर आधी झिजतो, वरच्या टणक थराचा आधार जातो आणि तो उभ्या सांध्यावरच तुटतो. म्हणून कडा गोलसर होत नाही. उभाच राहून मागे जातो. कोकणातला एवढा खडक वाहून गेल्यावर भूकवचावरचा भार हलका झाला, ती बाजू किंचित वर आली आणि पठाराचा काठ पूर्वेकडे अधिक कलला. घाटमाथा सर्वांत उंच आणि नद्या त्याला पाठ करून निघालेल्या, याचे निदान अर्धे कारण हे आहे. गेलेला खडक गेला कुठे, हेही गूढ नाही. मुंबई-रत्नागिरीसमोरच्या समुद्रबूड जमिनीवर गाळाचे जाड थर आहेत. तेलाच्या शोधात ते वेधले गेले आहेत.

या मंडनाला एक खरी अडचण आहे. गोव्यातल्या मँगनीज खनिजांचे वय काढले गेले तेव्हा असे दिसले की तिथली किनारी सखल जमीन साडेचार कोटी वर्षांपूर्वीच अस्तित्वात होती आणि तेव्हापासून जागच्या जागी कुजते आहे. म्हणजे कड्याची माघार सतत एका गतीने चाललेली नाही. तिचा मोठा भाग आरंभीच्या दीड-दोन कोटी वर्षांत उरकला आणि मग वेग फार मंदावला. पन्नास किलोमीटर दोन कोटी वर्षांत, असे धरले तर वर्षाला अडीच मिलिमीटर पडतात. मोसमी पावसाला हे जड नाही. वेग का मंदावला, यावर माझ्या व्यवसायबंधूंत एकमत नाही. मला स्वतःला वाटते, नद्यांचे माथे पठाराच्या आत जसजसे गेले तसतसे प्रत्येकीच्या वाट्याचे पाणलोट क्षेत्र लहान होत गेले आणि जांभ्याच्या टोपणाने पठाराला कवच दिले. गोव्याचा खडक दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा वेगळा आणि पुष्कळ जुना, तेव्हा तिथला काळ रत्नागिरीला जसाच्या तसा लावावा का, हाही प्रश्न आहे.

मंदावला म्हणजे थांबला नव्हे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटाचा रस्ता जागोजागी तुटला आणि वाहतूक बंद पडली. त्याच पावसात महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. कडा खचण्याने एकदाच तयार झाला असे मानले, तर अशी दरड हा अपघात ठरतो आणि डोंगर मूळचा पक्का. कडा झिजत मागे जातो असे मानले, तर दरड हेच त्याचे रोजचे काम ठरते, आणि पायथ्याशी साचलेली दगडमाती हा मागच्या दरडींचा ढीग. घाटरस्त्यांच्या रुंदीकरणात हाच ढीग उभा कापला जातो, मांजऱ्या आणि तांबडी पट्टी उघडी पडते आणि झिरपणारे पाणी नेमके तिथूनच बाहेर येते. कापाच्या पायथ्याशी भिंत बांधायची की आधी पट्टीच्या वरचे पाणी बाहेर काढायला चर आणि नळ घालायचे, याचा निर्णय डोंगर कोणत्या सिद्धान्ताने उभा आहे असे आपण समजतो त्यावर अवलंबून राहतो.